डबा फिरवा, गाठी मोजा

दोरी नुसती हलवली तर तिला आपोआप गाठ बसते का? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी हे चक्क मोजलं. २००७ मध्ये शोधनिबंध आला आणि २००८ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं पारितोषिक. हसू येतं खरं, पण प्रयोगाची आखणी बघण्यासारखी आहे.

३० सेंटिमीटर बाजूचा घनाकार डबा. वरून दोरी सोडायची, झाकण लावायचं आणि मोटरने सेकंदाला एक या गतीने दहा फेरे द्यायचे. मग दोन्ही टोकं वर उचलून एकमेकांना जोडायची. टोकं मोकळी राहिली तर कुठलीही गाठ शेवटी सुटतेच, त्यामुळे गणित ती धरत नाही. असे ३४१५ प्रयोग झाले. कुठला पदर कुणाच्या वरून गेला याची नोंद करून प्रत्येक गाठीची जोन्स बहुपदी, म्हणजे गाठीचा प्रकार ओळखायला वापरतात ती बीजगणिती राशी, काढली, तेव्हा १२० वेगवेगळे प्रकार निघाले.

४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला गाठ पडली नाही. पुढे दीड मीटरपर्यंत शक्यता झपाट्याने चढते आणि मग निम्म्याच्या आसपास अडकते. लांब दोरी डबा भरून टाकते, भिंतींना टेकून बसते आणि नीट उलटीपालटी होतच नाही. लहान डब्यात गाठी कमी पडतात त्या याच कारणाने. ताठर दोरीतही कमीच.

खरी करामत टोकांची. दोरी वेटोळ्यांत पडते, टोक शेजारच्या पदरांना समांतर राहतं आणि डबा फिरताना वेणी घातल्यासारखं कधी त्यांच्या वरून, कधी खालून जातं.

घरी करून बघायचं तर बुटांचा खोका आणि दोन मीटर दोरी पुरे. चूक बहुधा दोरी बाहेर काढताना होते: टोक ढिगाऱ्यातून ओढलं की नवी गाठ पडते किंवा असलेली सुटते. वर दिसणारं टोक अलगद उचला. सुरगाठ मोजू नका. टोकं ताणल्यावर निरगाठ उरली तरच धरा. आणि दहा वेळा करून निष्कर्ष काढू नका. शक्यता निम्मी असेल तर दहा प्रयत्नांत तीन गाठीही येतील, सातही. शंभर केले तर आकड्याला जरा अर्थ येतो.

टोकं आधीच एकमेकांना चिकटवून दोरी आत टाकली, तर कितीही घुसळा, गुंता होईल, गाठ मात्र बसणार नाही.