परातीतली कानडी

1986 च्या जूनमध्ये मी आमच्या मराठी शाळेत पाचवीत आलो, तेव्हा बाबा बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलात होते. सीमाभागातल्या मराठी माणसांवर लादलेल्या कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं, गोळीबारात आपली नऊ माणसं गेली होती. आठ दिवसांनी बाबा सुटून आले. सत्याग्रहीचा मुलगा म्हणून वर्गात माझी मान ताठ झाली. आणि त्याच महिन्यात बाबांनी मला शेजारच्या कानडी अज्जींकडे अक्षरं शिकायला धाडलं.

मला राग आला. तुम्ही ज्याच्यासाठी जेलात गेलात तेच मी शिकायचं? मी तोंडावर विचारलं. बाबा बैलांना वैरण टाकत होते. "सक्ती नको म्हटलं की रे. भाषा नको कुठं म्हटलं?" एवढंच बोलले. मला ती पळवाट वाटली, आणि पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली.

अज्जी तिन्हीसांजेला भाकरी करायला बसायच्या. परातीत जोंधळ्याचं पीठ पसरून बोटानं अक्षर काढायच्या. मी ते गिरवायचो. चुकलं की "इरली मगा", असू दे बाळा, म्हणत तळहातानं पुसायच्या, पुन्हा काढायच्या. मग त्याच पिठात आधणाचं पाणी ओतून मळायला घ्यायच्या. पहिली भाकरी माझी. सकाळी शाळेत गुरुजी ज्ञानेश्वरांच्या ओव्या घोटून घेत, संध्याकाळी हे. दोन्ही अजून तोंडपाठ आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या बासमतीच्या शेताची नोटीस आली, सगळी कानडीत. बाबांनी ती चष्मासुद्धा न लावता माझ्या हातात दिली. बाबा बाजारात कानडी फडाफडा बोलायचे. त्यांना ती वाचता येत नाही, हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं! मी अडखळत वाचू लागलो. सर्व्हे नंबर बरोबर होता, पण क्षेत्रात आठ गुंठे कमी. हरकत द्यायला सहा दिवस उरलेले.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या बानं असल्याच कागदावर अंगठा दिला होता. वड्याकडचं रान तसंच गेलं. काय लिवलंय म्हणून विचारायची लाज वाटली त्याला."

ही गोष्ट त्यांनी तोवर घरात कुणालाच सांगितली नव्हती.

हरकतीचा अर्ज मी कानडीत लिहिला. खाली बाबांनी सही केली. हात थरथरत होता, तरी मराठीत, पूर्ण नाव लिहून, वरची रेघ शेवटपर्यंत ओढून.