कॅसेट प्रोजेक्ट अपडेट: हमच्या (विजेच्या गुणगुणीच्या) रेघेवरून स्पीड सापडला

मंडळाच्या गणपतीतल्या भजनांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं काम चालू आहे, त्यातली पहिली साइड एकदाची मनासारखी झाली. सेटअप साधाच, जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली, त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आणि ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड-एडिट करायचं सॉफ्टवेअर, आरामात चालतं. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून जे लोक असे लॅपटॉप भंगारात काढतायत त्यांनी प्लीज थांबा, आवाज रेकॉर्ड करायला याच्याहून जास्त मशीन लागतच नाही. कॅसेट डेकचा लाइन आउट यूएसबी साउंड कार्डला, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ६० मिनिटांची अख्खी कॅसेट साधारण १ जीबी होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा फॉरमॅट) केली की बरीच आटोपते.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतो आणि अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन बदलायचा, स्क्रू प्रत्येक कॅसेटला नव्याने लावतो. दोन्ही चॅनल मोनो करून ऐकायचं, बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवायचं, टाळांचा आवाज एकदम मोकळा होतो तिथे थांबायचं. हे डेकवरच करा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवून ते परत येत नाही, नुसती खरखर वाढते.

आता खरी मजा. ही कॅसेट सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली आहे आणि साइड संपत येते तसं भजन चढत जातं, लयही आणि सूरही. सेल उतरले की मोटर मंदावते, टेप हळू सरकते, मग तीच टेप आपण डेकवर ४.७६ सेंटिमीटर प्रति सेकंदाने वाजवली की सगळं फास्ट होतं. प्रश्न असा की किती फास्ट, आणि कुठून कुठपर्यंत? याचं उत्तर टेपमध्येच होतं, मांडवातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या हममध्ये. आपली वीज ५० हर्ट्झची, अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधून तिची दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झची गुणगुण येते, स्पीकरमधून निघते आणि भजनाबरोबर टेपवर उतरते. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी आहे ते दाखवणारं चित्र) उघडून विंडो साइज ३२७६८ ठेवली आणि खालचा भाग मोठा करून पाहिला तर ती बारीक रेघ स्वच्छ दिसते, सुरुवातीला १०० वर, आणि भैरवीपर्यंत जाता जाता १०४ च्या जवळ. म्हणजे शेवटी ४ टक्के फास्ट!

पूर्वी आपल्याकडे ग्रिडची फ्रिक्वेन्सीही बरीच हलायची, त्यामुळे नुसत्या रेघेवर विसंबून चालणार नाही. म्हणून पेटीशी ताडून पाहिलं, कारण पेटीची पट्टी भजन चालू असताना काही चढत नाही. सुरुवातीचा सा पांढरी दोनला, शेवटचा सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्येच कुठेतरी, निम्म्या अंतराच्या थोडा पुढे. अशा लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर जवळपास ६ टक्के असतं, त्यात ४ टक्के बरोबर बसतात. दोन्ही पुरावे जुळले तेव्हा खरंच फार भारी वाटलं.

दुरुस्तीला ऑडॅसिटीतला टाइम ट्रॅक वापरला. त्यात एनव्हलपला (स्पीडच्या रेषेला) पॉइंट देऊन स्पीड हळूहळू कमी करत नेता येतो आणि सूर-लय दोन्ही एकत्र खाली येतात, इथे हेच हवंय, नुसता पिच बदलणारा इफेक्ट इथे कामाचा नाही. रेघ जिथे वाकते तिथे पॉइंट द्यायचा, एक्सपोर्ट करायचं, परत स्पेक्ट्रोग्राम बघायचा, रेघ सपाट होईपर्यंत. आणि हम काढायचा नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) या सगळ्यानंतर! आधी हम पुसलात तर मोजपट्टीच गेली.

नॉइज रिडक्शन मी अगदी नावाला लावतो. जास्त लावलं की टाळ पाण्यातून वाजल्यासारखे येतात, आणि मागे मांडवातली पोरं बोलतात, कुणीतरी माइक सरकवतं, ते मला पुसायचंच नाहीये.

फ्लॅक जेलीफिनवर (घरच्या मीडिया सर्व्हरवर) टाकलीय, घरातल्यांना मोबाइलवर पाठवायला ओपस या लहान फॉरमॅटची कॉपी. पुढची साइड बी, पण कॅसेटचं प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारा तुकडा) निघालंय, रिकाम्या कॅसेटच्या बॉडीत टेप हलवावी लागणार. स्क्रूवाली बॉडी कुणाकडे पडून असेल तर सांगा, चिकटवलेली नको.