कंबर तलाव : फाल्गुनातल्या नोंदी

सोलापुरात विजापूर रोडनं कंबर तलावाच्या काठाला लागलं की सध्या पहिली नजर पिवळ्या धोबी पक्ष्यांवरच जाते. थंडीभर हे सगळे सारखेच मळकट, वहीत नुसतं 'पिवळा धोबी' लिहून पुढं जायचं. फाल्गुन लागला आणि नरांच्या डोक्यावर नवी पिसं यायला लागली. आता उपजात सांगता येते. परवा चिखलात किडे टिपत एक नर अगदी जवळ आला. गळा हळदीसारखा पिवळा, छातीवर मात्र जुन्या फिकट पिसांचे ठिगळ अजून तसेच. डोकं गडद राखाडी आणि भुवईचा पत्ता नाही, म्हणजे थुनबर्गी उपजातीचा. थोडं पलीकडे निळसर राखाडी डोक्याचा, ठळक पांढऱ्या भुवईचा बीमा. काळ्याभोर डोक्याचा फेल्डेग अजून दिसायचाय. एप्रिल सरेस्तोवर ही मंडळी उत्तरेला निघून जातात, म्हणून हेच दिवस सोन्याचे.

भोरड्यांचं तंत्र वेगळं. त्यांना या दिवसांत नवी पिसं येत नाहीत. जुन्या पिसांच्या तपकिरी कडा झिजतात आणि खालचा गुलाबी-काळा रंग उघडा पडतो. ज्वारीची काढणी उरकत आली तसे थवे पळस-पांगाऱ्यावर उतरायला लागलेत. संध्याकाळी काठच्या बाभळींवर थवा बसायच्या आधी जो गलका होतो, तो प्रत्येकानं एकदा तरी ऐकावा. मध्य आशियात पोचल्यावर यांची वीण टोळ-नाकतोड्यांवर पोसली जाते. म्हणजे त्यांचा खरा वसंत तिकडं, आपल्या वाट्याला येते ती निघायची तयारी. मला तीच जास्त ओढ लावते.

इथल्याच पाण्यात राहणाऱ्यांची लगबग वेगळी. टिबुकलीचे गाल आणि गळा विटकरी झालेत, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठून दिसतो. जोडीतल्या एकीनं तान घेतली की दुसरी लगेच साथ देते. पाणवनस्पतींत तरंगतं घरटं दिसलं तर लांबूनच बघा. अंडी सोडून जाताना ती त्यांवर ओलं शेवाळ पांघरते, नुसता कचरा वाटतो.

बाकी थापट्या बदकं विरळ झालीत, तांबट दिवसभर टुकटुक करतोय, कोकिळही सुरू झालाय. गायबगळ्यांच्या डोक्यावर केशरी झाक नुकतीच कुठं येतेय.

पुढचे काही आठवडे टिटव्यांकडे लक्ष ठेवणार आहे. त्या उघड्या मुरमावर अंडी घालतात, साधारण चार, आणि ती खड्यांत अशी मिसळून जातात की पाय पडायची भीती. तेव्हा काठानं चालताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आल्या पावली मागं फिरा, फोटोचा मोह नको.

हिप्परगा तलावावर जाणाऱ्यांनी धोब्यांची डोकी नीट बघून रंग, भुवई आणि तारीख लिहून ठेवावी. फेल्डेग दिसला तर मला लगेच कळवा, मी तसाच निघतो.