दुसऱ्या फेसापर्यंत : आमची वाटचाल

तंजावरला मोठं देऊळ बघायला महाराष्ट्रातून माणसं येतात. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतलेला मराठी शिलालेख शोधतात, आणि बाहेर पडल्यावर कुणी मराठी बोलताना भेटलं की हरखून जातात. आमचं घर देवळापासून फार लांब नाही. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या मागोमाग कावेरीकाठी येऊन राहिलेल्या घरांपैकी हे एक.

असंच एक कुटुंब एकदा दुपारी घरी जेवायला आलं. वहिनीने केळीचं पान मांडलं, भात वाढला, त्यावर हळद-मीठ घालून शिजवलेली घट्ट तुरीची डाळ आणि वर तूप. तमिळमध्ये याला परुप्पु सादम म्हणतात. पाहुण्या काकू म्हणाल्या, "अगं, हा तर आपला वरणभात!" आणि दुसऱ्या घासाला विचारलं, "पण हे तूप कुठलं? विकत मिळेल का?" वहिनीने फडताळातला डबा पुसून त्यांच्या हातात दिला. पैसे घेताना आईला फार अवघडल्यासारखं झालं होतं. आमचा धंदा त्या डब्यापासून सुरू झाला.

पहिले सहा महिने मी, वहिनी आणि एक पातेलं. पहिल्या मोठ्या खेपेतच आमची चूक झाली. बरण्या धुऊन पुरत्या वाळल्या नव्हत्या, आणि तूप कोमट असतानाच आम्ही झाकणं लावली. आत वाफ धरली, महिन्याभरात वास आला. चाळीस बरण्या परत घेतल्या, पैसे परत केले. तेव्हापासून बरण्या एक दिवस उन्हात आणि तूप पूर्ण गार झाल्यावरच झाकण, यात सवलत नाही.

आता खरं काम सांगते. दूध तापवून, गार करून रात्री विरजण लावायचं. पहाटे गारव्यात घुसळायचं. आता विजेची रवी आहे, पण वेळ तीच. लोणी तीनदा पाण्यातून काढायचं, शेवटचं पाणी निवळ दिसेपर्यंत. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. आधी मोठे बुडबुडे, तडतड, वर पांढरा फेस. लोण्यातलं पाणी उडत असतं तोवर पातेलं बोलतं. मग ते गप्प होतं. नवख्या माणसाला वाटतं झालं, आणि तो गॅस बंद करतो. पण थोड्या वेळाने बारीक, दाट असा दुसरा फेस चढतो, खाली बेरी बदामी होते. त्या क्षणी मूठभर शेवग्याचा पाला आत टाकायचा आणि आच बंद. महाराष्ट्रात विड्याचं पान टाकतात, तसा इकडे शेवगा. पाला कुरकुरीत होतो. तो आणि बेरी भातात कालवून खाण्यासाठी लहानपणी आम्हा भावंडांत भांडणं होत.

आमच्याकडे लोणी कढवणाऱ्या अक्का पातेल्यात बघतही नाहीत. पाठमोऱ्या बसून शेवगा निवडतात आणि आवाज बदलला की उठतात. आम्ही थर्मामीटर आणला, नोंदी ठेवल्या. अक्का उठतात तेव्हा काटा रोज जवळपास तिथेच असतो. नोंदी अजून चालू आहेत, कारण पुढे कुणाला शिकवायचं तर आकडा हवा. पण कढवणं त्यांच्या कानावरच चालतं.

साधारण पंचवीस ते अठ्ठावीस लिटर गाईच्या दुधात एक किलो तूप निघतं. भाव जास्त का, असं कुणी विचारलं की मी हाच हिशोब मांडते. दुसरा प्रश्न ठरलेला : "देशी गाईचंच ना?" आमच्या भागातली खरी देशी गाय म्हणजे उंबळाचेरी. भाताच्या चिखलात नांगर ओढायला तिच्यासारखी जात नाही, पण दूध अगदी बेताचं. तिच्या दुधावर तुपाचा धंदा उभा राहत नाही. आमचं दूध तंजावरजवळच्या ओरत्तनाडूकडच्या शेतकऱ्यांच्या संकरित गाईंचं आहे, आणि बरणीवर आम्ही तसंच लिहितो. त्यामुळे गिऱ्हाईकं गेली आहेत. जाऊ देत.

तसंच सांबाराचं. संभाजीराजांसाठी कोकमाऐवजी चिंच घातली आणि नाव पडलं, ही गोष्ट छापा म्हणजे मसाला खपेल, असं अनेकांनी सुचवलं. गोष्ट गोड आहे, पण मी ती पाकिटावर घातली नाही. त्यापेक्षा डांगर पचडी कशी करायची ते छापलं. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. ते 'डांगर' तमिळ घरांतही त्याच नावाने नांदतं, आणि मला त्याचा जास्त अभिमान आहे.

तुपामागून पोड्या, म्हणजे भातात कालवायच्या कोरड्या चटण्या, आल्या. तुरीची डाळ, लाल मिरची, मिरे, हिंग कोरडे भाजून केलेली परुप्पु पोडी. कडुलिंबाची वाळवलेली फुलं आणि सुंडक्काय (छोटी कडसर रानवांगी) घालून बाळंतिणीसाठी केलेली अंगाया पोडी. ती गरम भातात, तूप घालून, पहिल्या घासाला. इथे मला एक सांगायचंच आहे. सगळं तुपात करून द्या, अशी मागणी हल्ली फार येते. आमच्या घरच्या स्वयंपाकात तुपाची जागा ठरलेली आहे : डाळभात, रसमची फोडणी, वेण पोंगल (मूगडाळीची मऊ खिचडी), गोडाचं. वत्तकुळंबू (चिंचेची दाट आमटी), पुळियोदरै (चिंचेचा भात), इडलीवरची पोडी यांना तिळाचं तेलच लागतं. चिंचेचा दाट कोळ आणि तूप एकत्र आलं की दोघांचाही स्वाद जातो. एका मोठ्या खरेदीदाराला 'तुपातली पुळियोदरै' हवी होती, ऑर्डर वर्षभर पुरेल एवढी होती. वहिनीने दोन वेळा करून पाहिली, आईला चाखवली. आईने पान बाजूला सारलं. आम्ही नाही म्हणून कळवलं.

१६ नोव्हेंबर २०१८ ला गजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा धंद्याचं तिसरं वर्ष होतं. ओरत्तनाडूकडे नारळाच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, दूध यायचं बंद झालं. आमच्यासाठी तो काही दिवसांचा खंड होता. दूध देणाऱ्यांची मात्र वर्षानुवर्षं जपलेली झाडं गेली. काहींना आम्ही पुढच्या दोन महिन्यांच्या दुधाचे पैसे आधीच दिले. हातात होतं ते तेवढंच होतं. ती घरं आजही आम्हाला दूध घालतात.

पुण्या-मुंबईला पार्सलं २०२० नंतर वाढली. मे महिन्यात तक्रार येते, तूप पातळ झालंय. जानेवारीत येते, दगड झालंय. उन्हाने वितळलेलं तूप घाईने फ्रीजमध्ये ठेवू नका, स्वयंपाकघरातच सावकाश गोठू द्या, रवा परत धरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा तेवढा भाव आम्ही उतरवला.

आज पातेली चार आहेत, माणसं नऊ. पाचवं पातेलं घेतलेलं नाही, कारण चारांच्या पलीकडे अक्कांना आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. त्यांच्या हाताखाली एक मुलगी यंदा शिकते आहे. परवा पातेलं गप्प झाल्यावर ती उठली, अक्कांनी नुसता हात वर केला, ती पुन्हा बसली. दुसऱ्या फेसाला मात्र दोघी एकदमच उठल्या. पोंगल सणाच्या बरण्या त्याच खेपेतून भरल्या आहेत.