गंभीर कधी लिहिणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी या प्रश्नावर मी हल्ली चहा टाकायला उठते.

"रहस्यकथा झकास असतात हो तुमच्या, पण गंभीर काही?" यावर पूर्वी माझ्याकडे अमेरिकन कादंबरीकार जेम्स ली बर्क तयार असायचा. ह्यूस्टनचा जन्म, १९३६ चा. पहिली कादंबरी १९६५ ला आली, समीक्षकांनी उचलून धरली. पण १९७१ मधल्या तिसरीनंतर प्रकाशक फिरकेनात. 'द लॉस्ट गेट-बॅक बूगी' ही कादंबरी नऊ वर्षांत १११ वेळा साभार परत! शेवटी १९८६ मध्ये लुइझियानाच्या विद्यापीठ प्रकाशनाने छापली. दरम्यान एका लेखकमित्राने सुचवलं, गुन्हेकथा लिहून बघ. १९८७ मध्ये त्याचा नायक डेव्ह रोबिशो अवतरला: व्हिएतनाम बघून आलेला, दारू सोडू पाहणारा पोलीस. पुढे तीनदा एडगर, म्हणजे अमेरिकेतला रहस्यकथांचा मानाचा पुरस्कार, आणि २००९ ला त्याच संस्थेचा ग्रँड मास्टर किताब.

समोरचा गप्प व्हायचा. पण पुरस्कार मोजून दाखवायचे म्हणजे त्याचीच फूटपट्टी वापरायची. एडगर मिळाला नसता, तर त्याच्या कादंबऱ्यांतली, तेल कंपन्यांनी पोखरलेली लुइझियानाची दलदल आणि मळेवाल्यांचा पिढीजात माज हलका ठरला असता? शिवाय बर्क वळला तो दुसरं काही छापून येईना म्हणून. मीही दिवाळी अंकाने रहस्यकथाच मागितली म्हणून वळले. आवड नंतरची.

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात माझं पहिलं पुस्तक सापडलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे नीट दुमडलेले, वर नाव नाही. आई म्हणाली, कट्ट्यावर घेऊन जायचे ना, कुणाला दिसायला नको. डोक्यात तिडीक गेली. कट्ट्यावर वाचायचं, पण मुलीचं नाव झाकून!

उघडलं तर पानोपानी पेन्सिल. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले. आणि पंचनाम्याच्या प्रसंगाशेजारी समासात, कोर्टात कारकुनी केलेल्या त्या टोकदार अक्षरात: 'पंच दोन लागतात.' माझ्या कथेत एकच होता. कादंबरीतला खोटा पंचनामा त्यांनी खऱ्या कागदासारखा तपासला होता. याहून गंभीरपणे मला कुणी वाचलेलं नाही.

आई म्हणते, हे कौतुकच. असेलही. मग कव्हर कशाला? बर्कचं उदाहरण इथे काही कामाला येत नाही. प्रकाशकाने परत पाठवणं वेगळं आणि हे वेगळं.

दुसऱ्या आवृत्तीत पंच दोन केलेत. कव्हरचा राग अजून आहे.