नाशिक ते सप्तशृंगी गड : वाटेत लागणारा-विझणारा ब्रेकचा लाल दिवा

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळी साडेसहाला पाथर्डी फाट्यावरून निघालो, मी, बायको, मुलगी आणि आई. आईचं गडावर जायचं दिवाळीपासून राहिलं होतं. गाडी आमची २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ८३ हजार किलोमीटर झालेली, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम ब्रेक. हे आधीच सांगून ठेवतो कारण सगळा घोळ त्या मागच्या ड्रममध्येच निघाला.

दिव्याची गोष्ट मात्र त्याच्या पंधरा दिवस आधीची. शहरात खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून गाडी गेली की मीटरमधला तो लाल दिवा, गोलात उद्गारचिन्हवाला, क्षणभर लागायचा आणि जायचा. नेहमीच्या गॅरेजला दाखवलं, त्यांनी हँडब्रेकच्या दांड्याखालचा स्विच जरासा वाकवला, पाच मिनिटांत म्हणाले झालं. आणि खरंच खड्ड्यातलं लागणं बंद झालं. हा दिवा हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो, दिवा एकच, हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी बोनेट उघडून ऑइल बघा एवढं मी म्हटलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

म्हसरूळ सोडलं, ढकांब्याच्या पुढे द्राक्षाचे क्रेट लादलेले ट्रॅक्टर लागायला लागले, सकाळची थंडी, रस्ता बरा. दिंडोरीच्या अलीकडे एका ट्रॅक्टरमागे जोरात ब्रेक दाबला आणि दिवा लागला. दोन सेकंद. गेला. मला वाटलं हँडब्रेकचा दांडा पूर्ण खाली गेला नसेल, हाताने दाबून पाहिला, खालीच होता. पुढे एका उजव्या वळणावर परत लागला. मग मुलीला पुढच्या सीटवर घेतलं आणि सांगितलं की दिवा लागला की त्या वेळी गाडी काय करत होती ते मोबाइलमध्ये लिहीत जा. दिंडोरी ते ओझरखेड धरण एवढ्यात तिने लिहिलं ते असं : ब्रेक, उजवं वळण, ब्रेक, उतार, उजवं वळण, ब्रेक. मधे दोन चांगले दणदणीत खड्डे गेले, त्यात एकदाही लागला नाही.

ज्यांच्या गाडीत असा येणारा-जाणारा दिवा असेल त्यांनी सगळ्यात आधी हेच करा, दिवा कधी लागतो ते लिहून काढा, कारण गॅरेजमध्ये गाडी नेली की तो हमखास बंद असतो आणि मग मिस्तरी तरी काय बघणार. खड्ड्यात, दणक्यात लागत असेल तर बहुतेक वेळा हँडब्रेकचा स्विच नाहीतर एखादं ढिलं कनेक्शन असतं. वळणावर, ब्रेक दाबताना, चढ-उतारावर लागत असेल तर ऑइल. बोनेटखाली ब्रेक ऑइलची जी पांढुरकी प्लास्टिकची टाकी असते तिच्यात एक छोटा फ्लोट तरंगत असतो, पाण्याच्या टाकीत असतो तसाच. ऑइल मिनच्या (टाकीवरच्या किमान पातळीच्या) रेघेजवळ आलं की सपाट रस्त्यावर फ्लोट कसाबसा वर राहतो पण गाडी वळली किंवा पुढे झुकली की ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो, गाडी सरळ झाली की परत बंद. म्हणजे दिवा बिघडलेला नसतो, तो अगदी बरोबर सांगत असतो.

ओझरखेडजवळ सपाट जागा बघून थांबलो. इंजिन बंद, बोनेट वर. टाकीत ऑइल मिनच्या रेघेला टेकलेलं, किंचित खालीच. रंग चहासारखा. आता ऑइल कमी होण्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे डिस्कपॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) झिजतात तसे त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढतं, त्यामुळे टाकीतली पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरते, ते साहजिक आहे. दुसरं म्हणजे गळती. आमची सर्व्हिसिंग नोव्हेंबरात झाली होती, तेव्हा इंजिन ऑइलसोबत हीपण टाकी मी स्वतः पाहिली होती, मॅक्सच्या रेघेला होती. तीन महिन्यांत, तेही फार तर दीड हजार किलोमीटरमध्ये, मॅक्सची मिनला? पॅड एवढे झिजत नाहीत. पोटात गोळाच आला.

मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. तीन चाकं धुळीने कोरडी. मागचं डावं चाक, टायरच्या आतल्या भिंतीवर वरून खाली एक ओली काळी रेघ, त्यावर धूळ चिकटलेली. बोट लावलं तर बुळबुळीत. पाणी असतं तर वाळलं असतं. (हे ऑइल रंगाला खातं, हातालाही बरं नाही, लगेच पाण्याने धुवा.) इंजिन चालू करून ब्रेकचं पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरलं, ते कडक होतं, खाली जात नव्हतं. ही चाचणी लक्षात ठेवा. पेडल स्पंजासारखं लागलं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसायला लागलं तर तिथून एक किलोमीटरसुद्धा गाडी हलवायची नाही, टोइंग बोलवायची. लाल दिव्यासोबत एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळाही लागला तरी तसंच, कारण मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते.

वणी तिथून जवळ होती. तिसाच्या स्पीडने, पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहून वणीत आलो. स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट ४ ची सीलबंद बाटली घेतली (कुठलं लागतं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही). काउंटरवर उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, भरा आणि जा वर, आमचं तर कायम असंच असतं. मनापासून मदत म्हणूनच सांगत होते ते. पण शेजारच्या गॅरेजचे काका, साठीचे असतील, त्यांनी टायरची ती रेघ पाहिली आणि म्हणाले, "दादा, तेल टाकलं की दिवा जाईल. पण तेल गेलं कुठं ते मग कोण सांगणार तुम्हाला?"

गाडी त्यांच्याकडेच लावली. आई तेवढ्यात गावातल्या जगदंबेच्या देवळात जाऊन आली.

ड्रम उघडला ते मी शेजारी बसून पाहिलं. ड्रममध्ये खरं तर लायनरची (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांची) काळी कोरडी पूड असायला हवी, फुंकर मारली की उडणारी. इथे तिचा चिखल झालेला, ग्रीससारखा, लायनर अर्ध्यापर्यंत भिजलेले. काकांनी व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर स्क्रूड्रायव्हरने उचललं आणि आतून दोन थेंब टपकन त्यांच्या बोटावर पडले. या सिलिंडरमध्ये दोन छोटे पिस्टन असतात, पेडल दाबलं की ते लायनरला दोन्हीकडे ढकलतात, त्यांच्या रबरी वायसर कडक झाल्या होत्या आणि आतल्या भिंतीला गंज लागला होता. गंज कशाने तर ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर तीच किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि घाटात ब्रेक तापल्यावर ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. घरी येऊन बिलं काढून पाहिली, आमचं एकदाच बदललेलं, तेही पाच वर्षांपूर्वी. वरून टॉपअप मात्र दोनदा केलेलं.

पार्ट वणीत मिळाला नाही. भाचा सातपूरला कामाला आहे, शनिवारी त्याची कंपनी बंद असते. त्याला जुन्या सिलिंडरचा फोटो आणि आरसीवरचा चासी नंबर व्हॉट्सअपवर पाठवला, तो सारडा सर्कलला जाऊन दोन्ही मागच्या चाकांचे सिलिंडर आणि लायनरचा सेट घेऊन मोटरसायकलवर आला. दोन्ही बाजूंचं कशाला, असं मी आधी विचारलं होतं. काका म्हणाले एक बाजू नवी एक जुनी राहिली तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते, आणि उजव्या बाजूचं वयही तेवढंच आहे. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावतात काही जण, तसं करू देऊ नका, आत मुरलेलं ऑइल तापलं की पुन्हा बाहेर येतं.

भाचा येईपर्यंत आम्ही गडावर जाऊन आलो, जीपने नांदुरी आणि नांदुरीहून एसटीने वर. आईचे गुडघे धड नाहीत, त्यामुळे पायऱ्या न चढता ट्रॉलीने गेलो, दर्शन छान झालं, अठरा हातांची ती मूर्ती समोर आली की आई काही बोलतच नाही, नुसती बघत राहते. नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटरचा घाट आहे, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. उतरताना मी मुद्दाम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो होतो, पूर्ण घाटभर त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, इंजिन घुमत होतं आणि ब्रेकवर पाय फक्त वळणापाशी, तोही दाबून लगेच सोडलेला. आपल्याकडे उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे पुष्कळ आहेत, काही तर इंजिनच बंद करतात, इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो आणि मग पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवा. जळका वास आला तर कडेला थांबून अर्धा तास गार होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

त्या घाटात बसल्या बसल्या एकच विचार चालू होता. गाड्यांचे ब्रेक दोन भागांत असतात, आमच्यासारख्या गाडीत बहुधा तिरके, म्हणजे मागचं डावं चाक आणि पुढचं उजवं एका लाइनवर. वरून ऑइल भरून आलो असतो, दिवा गेला असता, चढताना काही कळलंही नसतं. उतरताना पाचव्या-सहाव्या वळणाला तो कडक झालेला वायसर पूर्ण सुटला असता तर अर्धे ब्रेक गेले असते, पेडल आधी खोल गेलं असतं आणि मग उरलेल्या दोन चाकांनी चार माणसांची गाडी धरायची. आई मागे बसलेली असते.

दुपारी तीनला परत वणीत. एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा, काढताना मुलीला पेडलवर बसवलं, काका चाकाखालून सांगत होते, "पंप मार… धरून ठेव… सोडू नको… हां, सोड." पारदर्शक नळीतून आधी काळपट ऑइल बुडबुड्यांसकट आलं, मग चहाच्या रंगाचं, मग शेवटी स्वच्छ फिकट पिवळं. चारही चाकांचं काढलं, म्हणजे जुनं ऑइल सगळं बदललं गेलं, दीड बाटली लागली. एअर काढताना टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यावर भाचा नजर ठेवून होता. माझा खर्च पार्टचा २,६५० आणि मजुरी ८००, ऑइल वेगळं.

एक बारीक गोष्ट पॅड झिजलेले असणाऱ्यांसाठी, गळती नसेल आणि पातळी नुसती पॅडमुळे उतरली असेल तर मॅक्सपर्यंत भरू नका, आधी पॅड बघा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल टाकीतून वर येऊन सांडतं आणि बोनेटखालचा रंग घालवतं.

निघताना काकांनी टाकीवर ऑइलच्या पातळीला मार्करने रेघ मारून दिली, म्हणाले आठ दिवस रोज सकाळी गाडी गार असताना बघा. नवे लायनर बसेपर्यंत पहिले दोन-अडीचशे किलोमीटर हळू चालवलं, हँडब्रेक एक खटका जास्त वर येत होता, तो परत जाऊन फुकट ॲडजस्ट करून घेतला. आज तीन आठवडे झाले, ऑइल रेघेवर आहे, दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि हँडब्रेक सोडल्यावर जातो. चावी फिरवल्यावर तो लागतोय ना हेही बघत जा, जुनी गाडी विकत घेताना तर नक्कीच, काही जण त्रास नको म्हणून बल्बच काढून टाकतात.

येत्या चैत्रोत्सवात कोणी गडावर जाणार असाल तर यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि तिथून एसटी असते. तरीसुद्धा घरून निघायच्या आदल्या दिवशी बोनेट उघडून ती पांढरी टाकी बघा, नांदुरीपर्यंतही साठ किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर ट्रॅक्टर असतातच.