बँकेच्या परीक्षेतलं इनडायरेक्ट स्पीच : माझा अनुभव

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातून बँकेच्या परीक्षेला बसणारी बरीच मुलं मराठी माध्यमाची असतात. गणित आणि रिझनिंग ती मेहनतीनं काढतात, धास्ती असते ती इंग्रजीची. क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, आणि बाकीचे विभाग कन्नडमधून दिले तरी हा विभाग इंग्रजीतच द्यावा लागतो. मी ही परीक्षा पास झाले, आता तालुक्यातल्याच एका शाखेत आहे. फॉर्म, हॉल तिकीट, कन्नडची भाषा चाचणी, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते इनडायरेक्ट स्पीचपाशी, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्यापाशी. ते ज्या पद्धतीनं आम्हाला शिकवलं गेलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

बेळगावच्या ज्या क्लासला मी जायची, तिथं हा धडा सुरू झाला तोच फळ्यावरच्या तक्त्यानं. नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, हिअरचं देअर, अगोचं बिफोर. शेजारी काळांचा तक्ता. सर्वनामांसाठी ‘एस-ओ-एन, वन-टू-थ्री’ हे सूत्र: प्रथम पुरुष सब्जेक्टप्रमाणे बदलायचा, द्वितीय ऑब्जेक्टप्रमाणे, तृतीयात नो चेंज. हे सगळं पाठ करा, म्हणाले. वर्गानं पाठ केलं. तरी ‘वाक्यातली चूक शोधा’ आलं, की निम्मा वर्ग त्याच त्याच जागी अडायचा. सरांना विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “तक्ता पक्का नाही.” तक्ता पक्का होता. ज्या जागी आम्ही अडत होतो, ती जागा तक्त्यात नव्हतीच.

ती जागा म्हणजे प्रश्नार्थक वाक्य. समोरच्यानं विचारलं, “व्हेअर डू यू लिव्ह?” हे सांगताना वर्गातून तीन उत्तरं यायची. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह.’ ‘ही आस्क्ड मी व्हेअर डू आय लिव्ह.’ ‘ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह.’ तिन्ही चूक. बरोबर वाक्य: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ सर बरोबर उत्तर लिहून पुढे जायचे. डू गेला कुठं, आय पुढं का आला, हे कुणी सांगेना.

कारण आमच्या बोलण्यातच आहे. आम्ही म्हणतो, ‘कुठं राहतीस म्हणून विचारला.’ त्याच्या तोंडचा प्रश्न जसाच्या तसा उचलायचा, मागं ‘म्हणून’ जोडायचं, काम झालं. पुण्याकडचे लोक ‘की’ किंवा ‘असं’ वापरतील, पण आतला प्रश्न त्यांच्याकडेही तसाच राहतो. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बैलहोंगलची, घरात कन्नड. तिची चूक अगदी माझ्यासारखी, कारण कन्नडमध्येही ‘एल्लि होग्ती अंत केळिद’, म्हणजे ‘कुठं जातीस म्हणून विचारला’. प्रश्न अख्खा, पुढं नुसतं ‘अंत’. म्हणजे या भागातली मुलं मराठीतून येवोत की कन्नडमधून, दुसऱ्याचं बोलणं अख्खंच्या अख्खं पुढं देतात. इंग्रजीला ते चालत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, साधं विधान होतो. विधानात कर्ता आधी, क्रियापद नंतर. डू, डज, डिड हे प्रश्न करायला आणलेले मदतनीस, प्रश्नच उरला नाही तर त्यांचंही काम संपलं. एवढं एक वाक्य पहिल्या तासाला सांगितलं असतं, तर कित्येक मुलांचे गुण वाचले असते.

मला ते सांगितलं आमच्या गावातल्या निवृत्त बाईंनी. हायस्कूलला इंग्रजी शिकवायच्या. मी वही घेऊन गेले, तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“पोरी, तू मला नुसतं उत्तर दे. व्हेअर डू यू लिव्ह?”

“आय लिव्ह इन खानापूर.”

“आता ‘इन खानापूर’ काढून टाक. त्याच्या बदली व्हेअर घे आणि पुढं नेऊन ठेव.”

“व्हेअर आय लिव्ह.”

“आता काळ एक पायरी मागं. आणि आधी ‘ही आस्क्ड मी’ लाव बघू.”

झालं की वाक्य! मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी सापडेल तो प्रश्न मी असा सोडवत बसले. ‘व्हेन डिड द बस लीव्ह?’ याचं उत्तर ‘द बस लेफ्ट अ‍ॅट एट’, म्हणून ‘व्हेन द बस हॅड लेफ्ट’. डिड आपोआप गेला. ‘हू केम?’ याचं उत्तर ‘माय ब्रदर केम’, म्हणून ‘हू हॅड कम’. इथं क्रम बदलत नाही, कारण हू हाच कर्ता आहे. आमच्या क्लासमध्ये हा अपवाद म्हणून वेगळा पाठ करायला लावला होता. उत्तर देऊन बघितलं, तर अपवाद उरतच नाही. हो-नाहीच्या प्रश्नालाही हेच लागू: ‘आर यू कमिंग?’, उत्तर ‘आय अ‍ॅम कमिंग’, म्हणून ‘ही आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग’. इफ म्हणजे ‘जर’ एवढंच शाळेत शिकलेलं असतं, म्हणून मुलं इथं इफ लिहायला बिचकतात आणि दॅट घालतात. बिनधास्त इफ किंवा व्हेदर लिहा. प्रश्नात दॅट कधीच नाही, व्हेअर-व्हाय असला तरी नाही. ‘व्हॉट इज द मॅटर’ मात्र जपून: त्याचं ‘व्हॉट वॉज द मॅटर’ आणि ‘व्हॉट द मॅटर वॉज’ दोन्ही मान्य आहे, त्यामुळे तिथं चूक शोधत वेळ घालवू नका.

हाच घोटाळा काउंटरवरही रोज ऐकू येतो. ‘कॅन यू टेल मी व्हॉट इज युवर अकाउंट नंबर?’ इथं कुणी कुणाचं बोलणं सांगत नाही, तरी प्रश्न पोटात गेलाय. ‘व्हॉट युवर अकाउंट नंबर इज’ हवं. आणि बाहेरचं वाक्यच प्रश्न असल्यामुळे शेवटचं प्रश्नचिन्ह मात्र राहतं.

सर्वनामांचं ते सूत्र चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त का लागतं ते समजून घ्या. ‘राजू म्हणाला की मी येणार नाही’ यात न येणारा राजूच, हे आपल्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘राजू सेड दॅट आय वुड नॉट कम’ लिहिलंत, तर न येणारे तुम्ही झालात.

तक्ता कुठं फसतो तेही सांगते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे कुणी काल सांगितलं म्हणून मूव्ह्जचं मूव्ह्ड करायची गरज नाही. रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे बाहेरच्या वाक्यातलं ‘म्हणतो’सारखं क्रियापद, ‘सेज’ असेल तर काळ मागं जात नाही. मस्ट आणि शुड जसेच्या तसे राहू शकतात. कुणी सकाळी ‘उद्या येतो’ म्हणालं आणि तुम्ही संध्याकाळी ते सांगत असाल, तर टुमॉरो टुमॉरोच, कारण उद्या अजून उजाडायचाय. परीक्षेत ‘बदला’ असं विचारलं तर तक्त्याप्रमाणे द्या. बोलताना दिवस बघा.

सेड आणि टोल्डमध्ये गुण हमखास जातात. ‘सेड मी’ नाही, ‘सेड टू मी’ किंवा ‘टोल्ड मी’. टोल्ड आणि दॅटच्या मधे माणूस लागतोच, ‘ही टोल्ड दॅट’ अर्धवट आहे. आज्ञेत ‘टोल्ड मी डोन्ट गो’ नाही, ‘टोल्ड मी नॉट टू गो’. फॉरबेड आलं तर नॉट घालू नका, नकार त्या शब्दातच आहे. ‘सजेस्टेड मी टू गो’ पण चूक, ‘सजेस्टेड दॅट आय शुड गो’ लिहा. या चार ओळी परीक्षेच्या आदल्या रात्री बघितल्या तरी पुरे.

सराव कसा करायचा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. पुस्तकातली वाक्यं ‘बदलत’ बसू नका. दिवसभरात कुणी काय विचारलं, कंडक्टर, दुकानदार, घरातली माणसं, ते रात्री इंग्रजीत स्वतःच्या बाजूनं सांगा, मूळ वाक्य न लिहिता. लिहून काढलंत की डोळा त्यातल्या डू आणि डिडवर अडकतो. मी हे बैलहोंगलच्या मैत्रिणीबरोबर फोनवर करायची, ती मला सांगायची आणि मी तिच्या चुका धरायची, मग उलट. पुढं तीही पास झाली.